सातोशी कोन यांच्या पाच कामांची क्रमवारी: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

कामाची हद्द ठरवली. जपानी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक सातोशी कोन (१९६३–२०१०) यांनी दिग्दर्शित केलेली पाच कामं एकमेकांशी ताडून क्रम लावायचा: ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७, ८१ मिनिटं), ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ (२००१, ८७ मिनिटं), ‘टोकियो गॉडफादर्स’ (२००३, ९२ मिनिटं), १३ भागांची मालिका ‘पॅरानोइया एजंट’ (२००४) आणि ‘पॅप्रिका’ (२००६, ९० मिनिटं). पाचही मॅडहाउस स्टुडिओची.

‘मॅग्नेटिक रोझ’ (१९९५) यादीबाहेर. पटकथा कोन यांची असली तरी दिग्दर्शन कोजी मोरिमोतो यांचं आहे. ‘ड्रीमिंग मशीन’ अपुरा राहिला, त्यामुळे तोही नाही. २००७ चा एक मिनिटाचा ‘ओहायो’ (‘सुप्रभात’) क्रमात घेता येत नाही, पण सगळ्यात शेवटी पाहायचा.

वेळेचा हिशेब: चार चित्रपट मिळून ३५० मिनिटं, मालिका भागाला २५ मिनिटं धरून ३२५. प्रत्येक काम किमान दोनदा. नोंदी करत पाहायची फेरी मूळ लांबीच्या अडीच-तीनपट वेळ खाते, म्हणून एका दिवशी एकच चित्रपट. निरीक्षक तीन: क, ख, ग. पाहायचा क्रम प्रदर्शनाच्या वर्षाप्रमाणे. नोंदींमध्ये सगळ्यांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांनी आधी पाहून यावं.

५ जानेवारी

प्रतींची तपासणी. हे कंटाळवाणं काम वगळलं तर पुढच्या सगळ्या वेळा चुकतात.

जुन्या डीव्हीडी दोन जातीच्या. युरोपीय पाल पद्धतीच्या प्रतीत २४ फ्रेमचा चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने धावतो. म्हणजे ८१ मिनिटांचा ‘परफेक्ट ब्लू’ ७७ मिनिटं ४६ सेकंदांत संपतो. लांबी कमी दिसली की चित्रपट कापलाय असा समज होतो, पण कापलेलं काही नसतं. खरी अडचण आवाजाची. वेग ४ टक्के वाढल्याने स्वरही जवळपास अर्ध्या सुराने चढतो. सुसुमु हिरासावा यांच्या संगीताला गुण द्यायचे असतील तर अशी प्रत चालणार नाही. बाद.

अमेरिकी-जपानी एनटीएससी प्रतीत वेग बरोबर असतो, पण ४ फ्रेम ५ चौकटींत पसरवलेल्या असतात. थांबवून पाहिलं की काही चौकटींत दोन चित्रं एकमेकांत विणलेली दिसतात, फणीच्या दातांसारखी. कोन यांच्या कामात हा गोंधळ महागात पडतो, कारण दोन प्रतिमा एकात मिसळणं हेच तर आपण शोधतोय. प्रतीचा दोष कलाकृतीचा सांधा, म्हणजे दोन जगांमधला जोड, म्हणून नोंदला जाईल. म्हणून मूळ २३.९७६ फ्रेमवर परत आणलेली फाइल किंवा ब्लू-रे एवढंच वापरायचं.

भाषा: मूळ जपानी संवाद. सबटायटल पहिल्या फेरीत चालू, दुसऱ्या फेरीत बंद. कोन यांचा कट बहुतेक वेळा वाक्याच्या मध्यावर येतो. नजर खालच्या ओळीवर असताना वर अख्खं जग बदललेलं असतं.

११ जानेवारी

नोंदतक्ता तयार केला. ‘सांधा’ म्हणजे एका जगातून दुसऱ्या जगात नेणारा कट, विरघळ (एक चित्र हळूहळू दुसऱ्यात मिसळणं) किंवा सलग हालचाल. साधा संवादातला कट सांधा नाही. प्रत्येक सांध्याला सहा रकाने:

वेळ, मागच्या शॉटची शेवटची चौकट, पुढच्या शॉटची पहिली चौकट, कशाने जोडलंय (हालचाल, आकार, नजर, आवाज, शब्द), कोणत्या थरातून कोणत्या थरात (वास्तव, आठवण, स्वप्न, चित्रपटातला चित्रपट, भ्रम), आणि बदल कोणामुळे घडला.

१२ जानेवारी. ‘परफेक्ट ब्लू’, पहिली फेरी

तासाभरात तक्ता मोडला. ‘कोणत्या थरात’ हा रकाना भरताच येईना. मिमा किरिगोए गायिकांच्या गटातून बाहेर पडून ‘डबल बाइंड’ या मालिकेत काम करते. त्या मालिकेचं चित्रीकरण, तिचं रोजचं आयुष्य आणि तिचे भास एकाच पोताने रंगवलेले आहेत. रंग बदलत नाही, कडा धूसर होत नाहीत, स्वप्नाची खूण सांगणारं संगीतही वाजत नाही. मधल्या भागात ती पुन्हा पुन्हा आपल्या खोलीत जागी होते आणि दर वेळी आधीचा प्रसंग रद्द झाल्यासारखा वाटतो. वाटतो तेवढंच, खात्री कुठेच नाही.

दुरुस्ती: थराच्या पाचव्या रकान्याचेच दोन रकाने पाडले, बाकीच्यांचे क्रमांक तेच ठेवले. ‘पाहताना वाटलेला थर’ आणि ‘शेवट कळल्यावरचा थर’. आता पहिला रकाना चटकन भरतो, दुसरा नंतर भरायचा.

ही दुरुस्ती पुढे सगळ्या प्रकल्पाचा कणा ठरेल असं दिसतंय. दोन रकान्यांत जिथे तफावत आहे तिथेच हा चित्रपट घडतो.

१८ जानेवारी. ‘परफेक्ट ब्लू’, दुसरी फेरी, यंत्राची यादी

कट शोधायला एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या संगणक प्रणालीचा दृश्यबदल गाळक लावला, उंबरठा ०.३. तीन प्रकारच्या चुका हाती लागल्या.

पहिली, फ्लॅश. गाण्याचे कार्यक्रम आणि फोटो काढण्याचे प्रसंग यांत कॅमेऱ्याचा प्रत्येक लखलखाट यंत्र दोनदा कट म्हणून धरतं, एकदा पांढरं होताना आणि एकदा परत येताना. दुसरी, आरसे आणि काचा. मिमाच्या जागी काचेत दुसरी मिमा दिसते, पण चौकटीचा बराचसा भाग तोच राहतो. यंत्राला काही कळत नाही, आणि इथेच थर बदललेला असतो. तिसरी, विरघळ. हळू बदल उंबरठ्याखालीच राहतो. उंबरठा ०.२ वर आणला की विरघळ थोडी सापडते, पण फ्लॅशची खोटी यादी फुगते.

ठरलं: यंत्राची यादी फक्त जागा शोधायला वापरायची. कट किती आहेत यावरून एकही गुण द्यायचा नाही.

हाताने केलेल्या नोंदींतून तीन जागा उचलल्या.

सुरुवात. पहिल्या क्षणी रंगीत पोशाखातल्या वीरांचा मंचीय खेळ दिसतो आणि हाच चित्रपट की काय असं वाटतं. मग कळतं, हा मिमाच्या गटाआधीचा कार्यक्रम आहे. त्यानंतर मंचावरची मिमा आणि आगगाडीतून घरी जाणारी, खरेदी करणारी मिमा यांच्यात हालचालीने जोडलेले कट येतात. हे सांधे सौम्य आहेत, कोणताही धोका नाही. कोन प्रेक्षकाला पद्धत शिकवून ठेवतात आणि पुढे तीच पद्धत त्याच्यावर उलटवतात.

‘तुम्ही कोण?’ मालिकेत मिमाच्या वाट्याला आलेला हा एवढासा संवाद. ती तो घोकते, कॅमेऱ्यासमोर म्हणते, आणि पुढे तो प्रश्न तिच्यावरच येतो. शब्दाने जोडलेला हा सांधा चित्रपटभर पसरला आहे, एका कटात मावत नाही. तक्त्यात त्याला जागा नव्हती, ‘लांब सांधा’ असा नवा शिक्का केला.

तिसरी जागा शेवटाकडे. मिमा आपल्या खोलीत जागी होते, पण खोली तिची नाही, तिची व्यवस्थापक रुमी हिने हुबेहूब मांडलेली आहे. खुणा भिंतीवरचं पोस्टर आणि टाकीतले मासे. तिचे मासे मेलेले असतात, इथले जिवंत आहेत. संपूर्ण चित्रपटातला हा एकमेव क्षण आहे जिथे मिमा स्वतः आपला दुसरा रकाना भरते. पुढच्या पाठलागात लाल पोशाखातली मिमा हवेत तरंगत पळते आणि दुकानाच्या काचेत मात्र धापा टाकणारी रुमी दिसते. दोन्ही रकाने एकाच चौकटीत. अशी चौकट जमवायला चित्रच लागतं.

उणी बाजू: खुनांची गुंफण सैल आहे. नेमकं कोणी केव्हा काय केलं याचा हिशेब जुळवायला बसलं की धागे लोंबतात. ख यांच्या मते तो भासाचाच भाग आहे. क आणि ग यांना ते पटलं नाही. भासाचा गोंधळ आणि पटकथेतली ढिलाई यांतला फरक दुसऱ्या फेरीत जाणवतो.

१९ जानेवारी. ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’, दोन्ही फेऱ्या

इथे तक्ता उलट्या बाजूने गोंधळला. दोन्ही रकाने जवळपास सारखेच भरले. आपण आठवणीत आहोत की नायिका, निवृत्त नटी चियोको हिच्या एखाद्या जुन्या चित्रपटात, याबद्दल फसवणूक अशी नाहीच. माहितीपट करायला आलेला गेन्या तिच्या आठवणीत शिरतो, चिलखत चढवून तिला वाचवतो. त्याचा कॅमेरामन आजच्याच कपड्यांत मागे धावत कुरकुरत राहतो. त्या कॅमेरामनमुळे प्रेक्षक कधी हरवत नाही. कुठलाही थर असो, त्याच्याकडे पाहिलं की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. हा पटकथेतला सगळ्यात उपयोगी पेच आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

मग तफावत नसेल तर सांधे करतात काय? उत्तर सहाव्या रकान्यात मिळालं: बदल कोणामुळे घडला. ‘परफेक्ट ब्लू’त बदल मिमाच्या अंगावर येतो. इथे जवळजवळ प्रत्येक सांधा चियोको स्वतः घडवते, आणि बहुतेक वेळा धावून. ती दार उघडते, पलीकडे वेगळं युग. ती पडते, उठते ती दुसऱ्या चित्रपटात. धावण्याच्या लांब मालिकेत घोडागाडी, मग माणसाने ओढलेली रिक्षा, मग सायकल, आणि मागची पार्श्वभूमी जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखी. धावण्याची दिशा टिकते, पाय थांबत नाहीत, फक्त काळ बदलतो. १९२३ च्या कांतो भूकंपात जन्मलेल्या या नटीचं आयुष्य आणि जपानी चित्रपटाचा इतिहास एकाच हालचालीवर ओवला आहे.

थांबवून पाहायच्या जागा:

अ) चित्रपट सुरू होतो तो अवकाशयानाच्या दृश्याने, आणि गेन्या ते पडद्यावर पाहत असताना भूकंप होतो. जगातला हादरा आणि चित्रपटातला हादरा एकत्र. भूकंप तिच्या जन्मापासून शेवटापर्यंत परत येतो. दर वेळी कुठे येतो ते लिहून ठेवा. त्याच जागांवर तिचं आयुष्य वळलेलं आहे.

आ) चरखा फिरवणारी म्हातारी. तिचं द्वेष आणि प्रेम एकाच वाक्यात बोलणं पहिल्या फेरीत शापासारखं वाटतं. पुढे चियोकोला काचेत प्रतिबिंब दिसतं तेव्हा म्हातारी कोण ते उमगतं. दोन रकान्यांत मोठी तफावत असलेली या चित्रपटातली ही एकच जागा आहे, आणि ती एकच असल्यामुळे खोल जाते.

इ) तिला ज्या चित्रकाराचा ध्यास आहे तो कधीच मेलेला आहे. हे गेन्याला माहीत आहे, तिला नाही. पहिल्या फेरीत हे कळेपर्यंत तिचं धावणं आशेचं वाटतं. दुसऱ्या फेरीत तीच धाव, तेच कट, तेच संगीत, आणि एकही चौकट न बदलता अर्थ पालटलेला.

चियोकोला तीन आवाज आहेत: म्हातारपणी मियोको शोजी, मधल्या वयात मामी कोयामा, तरुणपणी फुमिको ओरिकासा. आवाज बदलतो तो सांधा वेगळा नोंदला. चेहरा तोच राहून आवाज पुढे गेला की वय वाढल्याचं कानाला आधी कळतं.

शेवटचं वाक्य. त्या माणसाचा पाठलाग करणारी मीच मला आवडत होते, अशा अर्थाचं. ग यांनी दोन्ही फेऱ्यांत इथे आक्षेप नोंदवला: वाक्य थंड आहे, आधीचा सगळा ध्यास आत्ममग्न ठरवतं. क आणि ख यांचं म्हणणं उलट. सहावा रकाना पाहा, सगळे सांधे तिनेच घडवले होते. वाक्य नवीन काही सांगत नाही, तक्त्यात आधीपासून लिहिलेलं वाचून दाखवतं.

२५ जानेवारी. ‘टोकियो गॉडफादर्स’

नोंदतक्ता जवळजवळ कोरा. नाताळच्या रात्री गिन, हाना आणि मियुकी या तीन बेघरांना कचऱ्यात बाळ सापडतं आणि ते त्याच्या आईला शोधत निघतात. एकच थर, वास्तव. दोन-चार स्वप्नांचे तुकडे सोडले तर सांधेच नाहीत. तासाभरात नोंद संपली.

२६ जानेवारी व १ फेब्रुवारी. ‘पॅरानोइया एजंट’, भाग १ ते १३

मालिकेसाठी ‘सांधा’ पुरत नाही. भागांचे दिग्दर्शक वेगवेगळे, कोन वरून देखरेख करणारे. वेगळा तक्ता केला: अफवा कोणाकडून कोणाकडे गेली, जाताना काय बदललं.

सोनेरी स्केटवर येणारा, वाकडी सोनेरी बॅट घेऊन हल्ला करणारा मुलगा. पहिल्या भागात हल्ला झाल्याचं सांगणाऱ्या त्सुकिको सागीच्या तोंडून आलेला मुलगा आणि शेवटाकडचा राक्षसी आकार यांच्यामधला प्रत्येक टप्पा कोणीतरी गरजेपोटी जोडला आहे. कोंडीत सापडलेल्या माणसाला सुटका हवी असते आणि हल्ला ही सुटका ठरते. हे यंत्र पहिल्या चार भागांत इतकं नेमकं चालतं की पुढचे सैल भाग जास्त टोचतात.

भाग ८ वर एक अख्खा तास दिला. जालावर भेटलेले तिघे एकत्र मरायला निघतात. एका ठिकाणानंतर त्यांच्या सावल्या पडत नाहीत. कोणी बोट दाखवत नाही, संगीत बदलत नाही. सावली कधी गेली ती चौकट शोधताना तिघांची तीन उत्तरं आली, आणि प्रत्येकाला सिद्ध करायला मागे जावं लागलं. दोन रकान्यांची पद्धत इथे ‘परफेक्ट ब्लू’इतकीच कामी आली.

भाग १० अ‍ॅनिमे मालिका बनवणाऱ्या स्टुडिओबद्दल आहे. निर्मितीतलं एकेक पद कोणतं काम करतं हे मध्ये थांबून सांगतो. या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्याने पाहावाच. भाग ९ मधल्या गप्पा मारणाऱ्या बायकांच्या कथा मात्र असमान आहेत, एखाद-दुसरी सोडली तर मालिकेला पुढे नेत नाहीत.

सुरुवातीच्या गाण्यात पात्रं संकटांच्या मधोमध उभी राहून खदखदून हसतात, कोणी पाण्याखाली, कोणी गच्चीच्या टोकावर. १३ वेळा तेच गाणं. भाग ५ नंतर ते वगळावंसं वाटतं, वगळू नये. पात्राची कथा कळल्यावर त्याच हसण्याचा अर्थ फिरतो.

२ फेब्रुवारी. ‘पॅप्रिका’

सांध्यांची खाण. यासुताका त्सुत्सुई यांच्या १९९३ च्या कादंबरीवर आधारलेला. स्वप्नात शिरण्याचं यंत्र, डीसी मिनी, चोरीला जातं.

नावांच्या पट्टीत पॅप्रिका, म्हणजे डॉक्टर चिबाचं स्वप्नातलं रूप, जाहिरातीच्या फलकातून, टीशर्टवरच्या चित्रातून, पडद्यांतून आरपार जाते. तक्त्याचा पाचवा रकाना भरता भरता हात दुखतो. त्याआधी इन्स्पेक्टर कोनाकावाचं स्वप्न: सर्कस, जंगल, आगगाडी, आणि शेवटी लांबलचक मार्गिका जिथे गोळी लागलेला माणूस पडतोय आणि तो पोहोचू शकत नाही. प्रत्येक तुकडा मागच्याशी हालचालीने जोडलेला. याहून सफाईदार कारागिरी पाचांतल्या कशात नाही. मिरवणूक, फ्रिज, बेडूक, बाहुल्या आणि वर हिरासावांचं संगीत, डोळे दिपतात.

पण सहावा रकाना. बदल कोणामुळे घडला? उत्तरार्धात जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर एकच: यंत्रामुळे. स्वप्न वास्तवात सांडलंय म्हणून काहीही घडू शकतं. काहीही घडू शकतं तिथे कोणत्याही सांध्याची किंमत घटते. चियोको धावली नाही तर युग बदलणार नाही, पण पॅप्रिका काही न करताही स्वप्न पसरतच राहणार.

अपवाद कोनाकावा. तो पॅप्रिकाला कॅमेऱ्याची काल्पनिक रेषा ओलांडणं म्हणजे काय ते समजावतो, आणि तो एके काळी चित्रपट करू पाहत होता हे उघड होतं. त्याची गाठ सुटते ती त्याच्या स्वतःच्या कृतीने, म्हणून शेवटी तो तिकीट काढतो ते मनाला भिडतं. चित्रपटगृहाबाहेर कोन यांच्याच आधीच्या चित्रपटांची पोस्टरं आहेत. याउलट डॉक्टर चिबाचं यंत्र बनवणाऱ्या तोकितावरचं प्रेम. त्याची पेरणी शोधायला तिसऱ्यांदा मागे गेलो, फार थोडी मिळाली.

८ फेब्रुवारी. पहिली गुणपत्रिका, आणि ती का टाकून दिली

गुण १०० पैकी: सांधे ४०, व्यक्तिरेखा २०, रचना २०, आवाज व संगीत १०, चित्र १०. बेरजेचा क्रम:

पॅप्रिका, मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस, परफेक्ट ब्लू, पॅरानोइया एजंट, टोकियो गॉडफादर्स.

तिघांपैकी एकालाही हा क्रम मान्य नाही, आणि गुण मात्र तिघांनीच दिलेले. दोष शोधला.

एक, ४० गुणांच्या रकान्यात आपण सांध्यांची संख्या आणि सफाई मोजली, त्यांनी केलेलं काम मोजलं नाही. दोन, कोन म्हणजे स्वप्न आणि वास्तवाची सरमिसळ हे आधीच गृहीत धरलं. ज्या चित्रपटात ती नाही तो मोजमापाच्या पट्टीतच बसत नव्हता. तीन, बेरीज. चित्राचे ९ गुण व्यक्तिरेखेच्या ४ गुणांची भरपाई करतात. प्रत्यक्ष पाहताना अशी भरपाई होत नाही.

निर्णय: बेरीज रद्द. ‘टोकियो गॉडफादर्स’ नव्या रकान्याने परत पाहायचा. मग जोडी-जोडीने तुलना.

९ फेब्रुवारी. ‘टोकियो गॉडफादर्स’, पुन्हा

नवा तक्ता: योगायोग, तो घडतो ती वेळ, त्याची पेरणी आधी कुठे, त्यामुळे कोणाला कशाला सामोरं जावं लागलं.

कोरा वाटलेला चित्रपट आता सगळ्यात दाट निघाला. योगायोग डझनावारी आहेत आणि ते लपवलेले नाहीत. टॅक्सीचं भाडं १२,२५० येन, नंबरप्लेटवर १२-२५. नाताळची तारीख शहरभर पेरून ठेवली आहे. इमारतींचे दर्शनी भाग थांबवून पाहिले तर खिडक्या आणि दारं मिळून चेहरे दिसतात. शहर या तिघांकडे बघतंय. पहिल्या फेरीत आमच्यापैकी कोणालाही हे दिसलं नव्हतं, कारण आम्ही थर बदलण्याची वाट पाहत होतो.

शेवटचा रकाना भरताना चित्रपटाचा खरा नियम सापडला. प्रत्येक योगायोग बाळाला आईच्या जवळ नेतो आणि त्याच वेळी तिघांपैकी एकाला त्याने टाळलेल्या माणसासमोर उभं करतो. गिनने बायको-मुलगी मेल्याचं सांगितलेलं असतं, आणि मुलगी इस्पितळात समोर येते. तिचं नाव बाळाला दिलेलंच, कियोको. मियुकीने वडिलांवर सुरी चालवून घर सोडलेलं असतं, आणि ते समोरच्या आगगाडीच्या खिडकीत दिसतात. हानाला आपल्या जुन्या ठिकाणी परतावं लागतं. योगायोग इथे सोय म्हणून येत नाही, जाब विचारायला येतो.

चेहऱ्यांचं चलनही नोंदलं. पात्ररचना केनिची कोनिशी यांची. आधीच्या दोन चित्रपटांत चेहरे संयत आहेत, इथे तोंडं ताणली जातात, डोळे वटारतात, हानाचा चेहरा एका वाक्यात चार वळणं घेतो. एकेक चौकट थांबवून पाहिली तर विद्रूप वाटते, चालू असताना जिवंत. कोन यांना वास्तववादी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हानाचा राग आवाज बंद करून एकदा पाहावा.

वास्तव आणि भ्रम यांच्या सांध्याऐवजी माणूस आणि त्याचं खोटं यांच्यातला सांधा. म्हणजे पहिला तक्ताही इथे चालला असता, फक्त थर ओळखायला आम्ही चुकलो: ‘सांगितलेलं आयुष्य’ आणि ‘जगलेलं आयुष्य’.

१५ फेब्रुवारी. जोड्या

पाच कामं, १० जोड्या, तीन निरीक्षक, ३० मतं. नियम: प्रत्येक जोडीला एकच प्रश्न, ‘कोणत्या कामात तंत्र काढून घेतलं तर अर्थही जातो?’ मत आणि एका ओळीचं कारण चिठ्ठीवर, चर्चा नंतर. जोड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. नाहीतर आधी आलेल्या कामाचा ठसा पुढच्या सगळ्या जोड्यांवर राहतो.

निकालात वर्तुळ आलं. ‘परफेक्ट ब्लू’ने ‘गॉडफादर्स’ला हरवलं, ‘गॉडफादर्स’ने ‘पॅरानोइया एजंट’ला, आणि ‘पॅरानोइया एजंट’ने ‘परफेक्ट ब्लू’ला. तिन्ही २ विरुद्ध १.

१६ फेब्रुवारी

अशी वर्तुळं तीन मतदारांतही सहज होतात, त्यात कोणाची चूक असेलच असं नाही. तरी कारणांच्या चिठ्ठ्या वाचल्या. तिसऱ्या जोडीत घोळ सापडला: क यांनी भाग ८ मनात धरून मत दिलं होतं, ख यांनी संपूर्ण मालिका. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू तोलल्या गेल्या. नियम वाढवला, मालिका म्हणजे १३ भाग, सैल भागांसकट. फक्त त्या जोडीचं मत परत घेतलं. ‘परफेक्ट ब्लू’ २, ‘पॅरानोइया एजंट’ १. वर्तुळ सुटलं.

भाग ८ एकटा उभा केला असता तर क यांनी मत बदललं नसतं, ही नोंद त्यांच्या आग्रहावरून ठेवली आहे.

२२ फेब्रुवारी. क्रम गोठवला

१. मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस: ४ जोड्या जिंकल्या, ११ मतं
२. परफेक्ट ब्लू: ३ जोड्या, ८ मतं
३. टोकियो गॉडफादर्स: २ जोड्या, ५ मतं
४. पॅरानोइया एजंट: १ जोडी, ४ मतं
५. पॅप्रिका: एकही नाही, २ मतं

पहिल्या दोघांतली जोडी २ विरुद्ध १. ग यांचं मत ‘परफेक्ट ब्लू’ला, कारण त्यांच्या चिठ्ठीवरून: “काचेतली रुमी दुसऱ्या कोणत्याही माध्यमात अशी दाखवता येणार नाही.” हे कारण खरं आहे. तरी क आणि ख ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’वर ठाम राहिले. ‘परफेक्ट ब्लू’चे सांधे काढले तर भीती जाते, खुनाची गोष्ट तरी उरते. चियोकोचे सांधे काढले तर हाती काहीच उरत नाही, कारण तिचं प्रेम म्हणजेच ते धावणं.

‘पॅप्रिका’ पहिल्यावरून पाचव्यावर गेला. त्याला मिळालेली दोन्ही मतं ग यांची, ‘गॉडफादर्स’ आणि ‘पॅरानोइया एजंट’विरुद्ध. ज्याला सांधा कसा बांधतात ते शिकायचंय त्याने मात्र ‘पॅप्रिका’पासूनच सुरुवात करावी: नावांची पट्टी आणि कोनाकावाचं पहिलं स्वप्न, आवाज बंद करून, चौथा रकाना भरत. दोन बैठकी पुरतात. नवीन प्रेक्षकाला पहिला चित्रपट म्हणून दाखवायचा असेल तर ‘टोकियो गॉडफादर्स’, आणि ‘परफेक्ट ब्लू’ दाखवण्याआधी त्यात लैंगिक हिंसेचं चित्रीकरण आहे हे स्पष्ट सांगावं.

२३ फेब्रुवारी. ‘ओहायो’

एनएचकेच्या ‘अनि-कुरी १५’ या लघुपटमालेसाठी केलेला. ६० सेकंद, म्हणजे २४ च्या हिशेबाने १,४४० फ्रेम. चौकट-चौकट नोंद करायला पूर्ण दुपार लागली.

सकाळ. एक मुलगी जागी होते, पण सगळीच नाही. एक उठून कामाला लागते, दुसरी झोपेतच मागे रेंगाळते. एकाच घरात दोघी, पुढे-मागे. वास्तव आणि स्वप्न असे दोन थर पाडता येत नाहीत. दोघी खऱ्या, एक फक्त उशिरा पोहोचतेय. पाहतानाचा रकाना आणि नंतरचा रकाना दोन्ही सारखे भरले. सहाव्या रकान्यात लिहिलं: तोंडावर पाणी मारल्यामुळे. दोघी एक होतात आणि ती म्हणते, “ओहायो.”